दिसला का?

कात्रजच्या झूमधून बाहेर पडणाऱ्या लोकांचं बोलणं कधीतरी कान देऊन ऐका. बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच असतं, वाघ झोपलेला होता, बिबट्या तर दिसलाच नाही, अस्वल पार मागच्या कोपऱ्यात जाऊन बसलेलं, एवढं उन्हातान्हात चालून काय उपयोग. त्यात आपण पुणेकर, म्हणजे तिकिटाचा विषय निघणारच. मागच्या उन्हाळ्यात भाचीला घेऊन गेलेलो तर शेजारी एक काका वाघाच्या खंदकापाशी उभे राहून चक्क टाळ्या वाजवत होते, शुक शुक करत होते, आणि गार्डने शिट्टी मारल्यावर म्हणाले "अहो लांबून आलोय आम्ही, एकदा मान तरी वर करू दे त्याला". प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला डिवचणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे वगैरे काकांना सांगण्यात अर्थ नव्हता. भाचीला पण मनातून वाघाने उठावं असंच वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. शिकार चांगली की वाईट, झू असावेत की नसावेत ह्यावर आपण तावातावाने भांडतो, पण ह्या दोन्हीच्या मुळाशी एकच हट्ट आहे, की जनावर आपल्याला दिसलंच पाहिजे. आपल्याला हवं तेव्हा, हवं तितक्या जवळून. त्या जनावराला न दिसण्याचा काही हक्क असू शकतो हे आपल्या डोक्यातच येत नाही.

पुण्याला हा षौक जुना आहे. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता, त्यात वाघ-सिंह-हरणं पाळलेली असायची. मग १९५३ साली सारसबागेशेजारी पेशवे पार्क झालं. माझ्या वयाच्या पुणेकराला पेशवे पार्क म्हटलं की दोन गोष्टी आठवतात, फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी आणि वास. फुलराणीत बसून झालं की वाघासिंहांचे पिंजरे, खाली फरशी, समोर गज, आणि गजाच्या मागे ते जनावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आम्हाला वाटायचं काय रुबाबात फिरतोय बघ! त्या चालण्यात रुबाब वगैरे काही नसतो, ती अडकलेल्या मेंदूची एकाच जागी फिरणारी चकती असते, हे फार नंतर वाचनात आलं. २००३ साली नेचर मासिकात दोन संशोधक बायकांचा एक अभ्यास आलेला, त्यांचं म्हणणं असं की रानात ज्या मांसाहारी प्राण्याचा वावर जितका मोठा, तितकं बंदिवासात त्याचं हे येरझाऱ्या घालणं जास्त आणि पिल्लं मरण्याचं प्रमाणही जास्त. ध्रुवीय अस्वलाला झूमध्ये साधारण जी जागा मिळते ती त्याच्या रानातल्या कमीत कमी वावराच्या दहा लाखाव्या भागाएवढी असते. दहा लाखावा भाग! आपल्याकडे वन बीएचकेला लोक खुराडं म्हणतात.

पेशवे पार्कातले प्राणी २००५ च्या सुमारास कात्रजला गेले आणि हे बरंच झालं. कात्रजची जागा तलाव धरून १३० एकर आहे, झाडं आहेत, गजांच्या ऐवजी खंदक आहेत. नीलिमकुमार खैरे यांचं सर्पोद्यान तिथे १९८६ पासूनच होतं. खैरे म्हणजे तेच, ज्यांनी १९८० साली ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास काढले, सापाला डिवचलं नाही तर तो चावत नाही हे दाखवायला. तो प्रयोग मला आता वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. त्यात साप नुसते पडून होते, कुणी त्यांच्याकडून खेळ करून घेत नव्हतं, पुंगी नाही की डोलणं नाही, आणि तरी लोक बघायला येत होते.

तर कात्रजमध्ये मला सगळ्यात चांगली गोष्ट कुठली वाटते माहितीये? मागची बाजू. म्हणजे जिथे बिबट्या जाऊन बसला की आपल्याला दिसत नाही ती. झूची परीक्षा मी आता तिच्यावरून करतो, प्राण्याला लपायला जागा आहे का, आणि तो लपला तर त्याला कुणी उठवायला जातं का. बाकी माहितीचे बोर्ड, सेल्फी पॉइंट, बॅटरीवरच्या गाड्या हे आपल्या सोयीचं आहे, ते असू दे. २०२४ च्या मार्चमध्ये कात्रजचा एक बिबट्या पिंजऱ्यातून सटकला तेव्हा अख्खा कात्रज-संतोषनगर भाग धास्तावलेला, व्हॉट्सॲपवर तर तो एकाच वेळी आंबेगावात आणि बिबवेवाडीत फिरत होता. दीड दिवसाने सापडला तो झूच्याच हद्दीत. कुठे गेलाच नव्हता बिचारा, झाडीत होता.

आता झूच्या विरोधात एवढं बोलल्यावर दुसरी बाजूही सांगायला पाहिजे, कारण ती खोटी नाहीये. अरबी ऑरिक्स नावाचं पांढरं हरीण १९७२ पर्यंत रानातून पार संपलं होतं, शिकारीने, नंतर नंतर तर जीपमधून बंदुका चालवून. जगात ते उरलं फक्त माणसांनी कळप करून जपून ठेवलेलं, आणि त्या बंदिवासातल्या कळपांतूनच १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात परत सोडलं गेलं. कॅलिफोर्नियातल्या काँडोर गिधाडांचं तर १९८७ मध्ये असं झालेलं की रानातला शेवटचा पक्षी पण पकडून आणला आणि पृथ्वीवर उरलेले सगळेच्या सगळे २७ काँडोर पिंजऱ्यात होते. आज ते परत आकाशात आहेत. त्यामुळे "सगळे झू बंद करा" असं कुणी म्हणालं की मी गप्प बसत नाही, त्या २७ पक्ष्यांचं काय केलं असतं तुम्ही?

पण हेच उदाहरण सगळ्यांनी ढालीसारखं वापरायचं हे मला पटत नाही. प्रत्येक झू काही काँडोर वाचवत नसतो. राणीच्या बागेत २०१६ ला हम्बोल्ट पेंग्विन आणले ते काय पेंग्विन वाचवायला आणले का? ते दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे पक्षी, त्यांना मुंबईत एसीत ठेवायचं आणि बाहेर रांग लावायची. मुलं खूश झाली हे मान्य, रांगेत मीही होतो. त्याला संवर्धन म्हणू नका एवढंच. पांढऱ्या वाघाचंही तसंच. १९५१ मध्ये रीवाच्या राजाने मोहन नावाचा एक पांढरा बछडा पकडला, आणि रंग टिकावा म्हणून त्याचं त्याच्याच लेकीशी प्रजनन केलं, पुढे हेच चालू राहिलं, तिरळे डोळे, वाकडे पाय घेऊन बछडे जन्मत राहिले. पेशवे पार्कात पांढऱ्या वाघासमोर उभं राहून आम्ही आ वासायचो.

कोपनहेगनच्या झूने २०१४ मध्ये मारियस नावाचा दीड वर्षाचा धडधाकट जिराफ मारला, लहान मुलांसमोर त्याची चिरफाड केली आणि मांस सिंहांना घातलं. कारण काय, तर त्याच्यासारखी जनुकं असलेले जिराफ युरोपातल्या झूंमध्ये आधीच भरपूर होते. जगभर आरडाओरड झाली. मला चिरफाडीचं काही वाटलं नाही, उलट मुलांना जिराफाचं काळीज केवढं असतं हे दाखवलं तर बिघडलं काय, आणि सिंहांना रोज जे मांस घालतात ते पण कुठल्यातरी जनावराचंच की. खटकलं ते हे, की ज्याला आपणच जन्माला घातलं, आपल्या बघण्यासाठी वाढवलं, त्याला "जास्तीचा" म्हणता येतं. दुसरे झू त्याला घ्यायला तयार होते तरी. रानात कुठलं जनावर जास्तीचं नसतं असा माझा दावा नाही, रान काही दयाळू नाही. पण रान रजिस्टर ठेवत नाही.

शिकारीकडे येतो. माझ्या आजोळी भोरकडच्या घरात ओटीवर सांबराची शिंगं होती, त्यावर आम्ही टोप्या अडकवायचो. पणजोबांनी मारलेलं म्हणे. त्यांची ठासणीची बंदूक, मचाण, पौर्णिमेची रात्र, हाकारे कसे रान उठवायचे, हे सगळं मामा असं काही रंगवून सांगायचा की वाटावं तोच झाडावर बसलेला होता (तो तेव्हा जन्मलाही नव्हता). त्या गोष्टी मला आवडायच्या आणि अजून आवडतात हे लपवण्यात अर्थ नाही. त्या माणसांना रानाची जी माहिती होती ती मला सात जन्मात होणार नाही, ठसा ताजा की कालचा, वारा कुठून, भेकर कशाला बघून ओरडलं. पण "जुने शिकारी रानावर प्रेम करायचे" हे वाक्य आलं की सावध व्हायला पाहिजे. करत असतीलही. प्रेमाने रान रिकामं झालं नाही असं कुठे आहे?

चित्त्याचंच बघा. आपल्याला वाटतं मारणं वेगळं आणि पाळणं वेगळं, चित्त्याच्या बाबतीत दोन्ही एकच होतं. राजेरजवाडे चित्ते पाळायचे ते काळवीट मारायला. डोळ्यांवर पट्टी बांधून बैलगाडीत बसवायचे, कळप दिसला की पट्टी काढायची आणि सोडायचा. आपल्या कोल्हापूर संस्थानात ह्याचा केवढा षौक, चित्ते सांभाळणारे चित्तेवान असायचे, आणि शेवटी शेवटी तर चित्ते आफ्रिकेतून आणावे लागले. का आणावे लागले? कारण त्या काळी चित्ता बंदिवासात पिल्लं देत नसे, जवळजवळ नाहीच. जहांगिराच्या काळात एकदा एका मादीने पिल्लं दिली तर त्याने ती नवलाची गोष्ट म्हणून लिहून ठेवलीये, आणि अकबराने म्हणे जन्मभरात नऊ हजार चित्ते बाळगलेले. म्हणजे प्रत्येक पाळलेला चित्ता हा रानातून उचललेला चित्ता. कुणी त्याला मारत नव्हतं, उलट खाऊपिऊ घालत होते, नावं ठेवत होते, आणि रान रिकामं होत होतं. बंदुकीने फक्त शेवट केला, १९४७ मध्ये आत्ताच्या छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानाच्या राजाने एका रात्रीत तीन मारले आणि १९५२ ला सरकारने चित्ता संपला म्हणून जाहीर केलं. २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणले ते मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात, त्यालाही आपण सगळ्यात आधी टीव्हीवर काय केलं तर बघितलं.

१९७२ चा कायदा आला आणि शिकार गुन्हा झाली, चांगलंच झालं. पण त्याचा दणका कुणाला बसला हेही बोललं पाहिजे. राजांची शिंगं भिंतीवर तशीच राहिली. तित्तर-लावरीवर पोट असलेला फासेपारधी मात्र, ज्याला इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने आधीच जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं आणि १९५२ मध्ये कुठे तो शिक्का कागदावरून पुसला गेला, तो वीस वर्षांत परत गुन्हेगार झाला, ह्यावेळी धंद्यामुळे. कोण पोटासाठी मारतो आणि कोण भिंतीसाठी, ह्यात मला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो. २०१५ मध्ये झिम्बाब्वेत सेसिल नावाचा सिंह मारायला अमेरिकेतला एक दंतवैद्य गेलेला, त्यासाठी पन्नास हजार डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. त्या पैशातून रान राखलं जातं असं समर्थन करतात, आणि आफ्रिकेत काही ठिकाणी त्यात तथ्यही आहे, शिकारीचा पैसा बंद झाला तर त्या जमिनीवर गुरं येतील. हिशोब म्हणून मी तो समजू शकतो, पण त्या माणसाच्या जागी स्वतःला उभं करून बघता येत नाही.

बरं, आपण काही बंदुका घेत नाही. आपण कोथरूडचे.

९ डिसेंबर २०२० ची सकाळ आठवते ना? महात्मा सोसायटीत गवा आला. डोंगरावरून वाट चुकून आलेला गवा, एवढं अवाढव्य पण मुळात लाजाळू जनावर, गल्लीत शिरला आणि मग जे झालं ते सगळ्यांनी मोबाईलवर लाइव्ह बघितलं. गाड्यांच्या मधून, कंपाउंडवरून, गेटं तोडत तो धावतोय आणि मागे पुढे आपण. व्हिडिओ काढणारे, ओरडणारे, "इकडे आला, इकडे आला" सांगणारे. कुणाच्याच मनात त्याला मारायचं नव्हतं, हे शपथेवर सांगतो. शेवटी भुलीचे डार्ट मारून, जाळी टाकून पकडला आणि काही वेळात तो मेला. तासन्तास जीव मुठीत घेऊन पळालेल्या जनावराचे स्नायू आतून फाटायला लागतात, अंग तापतं, रक्तात विष साचतं, काळीज बंद पडतं. पशुवैद्य ह्याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. वन्यजीव कायद्यातली शिकारीची व्याख्या काढून वाचा, त्यात नुसतं ठार मारणं नाहीये, पकडणं, फास लावणं, हाकणं हेही आहे. पणजोबांच्या गोष्टीतले हाकारे निदान पगारी होते.

पुढे दोनच आठवड्यांत बावधन-पाषाणच्या बाजूला दुसरा गवा दिसला. ह्यावेळी लोकांना लांब ठेवलं, रस्ता अडवला, त्याला वाट मोकळी ठेवली, आणि तो आपला आपण डोंगराकडे निघून गेला. बातमी छोटी आली, व्हिडिओ फारसे नाहीत. मला पुण्याचा अभिमान वाटावा अशा गोष्टी हल्ली कमी होतात, ही त्यातली एक.

जंगल सफारीवाले म्हणतील आम्ही तसे नाही. मी पण ताडोबाला गेलोय, गेटवर परत आलं की समोरच्या जिप्सीतला माणूस विचारतो "साइटिंग झालं का?" आणि नाही म्हटलं की सांत्वनाला आल्यासारखं तोंड करतो. २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर आले तर दोन्हीकडून जिप्सी लावून त्यांची वाटच अडवली होती. गाईड, ड्रायव्हर निलंबित झाले, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. ड्रायव्हरला शिक्षा झाली ते ठीकच, पण "घे अजून पुढे घे" असं मागच्या सीटवरून कुणी सांगितलं असेल?

इथपर्यंत मला माझा मुद्दा फार पटलेला होता, जनावराला न दिसण्याचा हक्क द्या, विषय संपला. मग दिवाळीत आंबेगाव तालुक्यातल्या चुलत मामाकडे गेलो आणि मामेभावाने, आप्पाने, ह्याची पार चिंधी केली. तो म्हणाला, "तुमच्याकडं तो दिसत नाही म्हणून तुमी तिकीट काढता. आमच्याकडं तो दिसत नाही म्हणून पोरांना शाळेत सोडायची भीती वाटती."

आंबेगाव, जुन्नर, शिरूर, खेड हा सगळा पट्टा धरणांच्या पाण्यावर ऊस झालेला. वर्षभर उभं पीक, आत गारवा, पाणी, डुकरं, कुत्री. बिबट्याच्या माद्या तिथेच वितात, त्या पिल्लांनी डोंगर बघितलेलाच नसतो, ऊस हेच त्यांचं रान. आणि शेतीला थ्री फेज लाइट येणार रात्री, म्हणजे दारं धरायला, पिकाला पाणी द्यायला, माणूस रात्री उसात. माणसं मेलीत, लहान पोरं मेलीत. २०२५ मध्ये शिरूरच्या पिंपरखेडला तर लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होते, जसे धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असतात तसे. माणसाने.

मी आप्पाला शहाणपणा शिकवायला गेलो. म्हटलं, अरे नुसते पकडून लांब सोडले तर उलटं होतं. विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागाचाच अभ्यास केलाय, २००१ नंतर धडाधड बिबटे पकडून दुसऱ्या जंगलात सोडले तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी नाही झाले, वाढले. आणि त्या आजोबा नावाच्या बिबट्याची गोष्ट सांगितली, २००९ ला टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला, कॉलर लावून माळशेजला सोडला तर १२० किलोमीटर चालत, हायवे, रेल्वे, खाडी ओलांडून मुंबईच्या नॅशनल पार्कापर्यंत गेला आणि वाटेत कुणाच्या केसाला धक्का लावला नाही, कुणाला कळलंच नाही. आप्पाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुढं काय झालं त्याचं?" मी म्हटलं, दोन वर्षांनी हायवेवर गाडीखाली आला. "मग," म्हणाला, "माणिकडोहला ठेवा म्हणावं तर तिथंबी जागा नाही."

माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, तिथे पकडलेले, जखमी, माणसावर गेलेले बिबटे जन्मभर राहतात. प्रेक्षकांसाठी नव्हे, दुसरीकडे जागा नाही म्हणून. कात्रजच्या पिंजऱ्यावर मी जे तत्त्वज्ञान झाडतो ते तिथे लागू पडत नाही, कारण पर्याय गोळी हा आहे. आणि गोळीबद्दलही माझं मत आता पूर्वीइतकं ठाम राहिलेलं नाही. २०१८ मध्ये यवतमाळच्या अवनी वाघिणीला मारलं, १३ माणसांचा जीव घेतल्याचा तिच्यावर ठपका होता, तेव्हा मी पुण्यात बसून डीपी काळा केलेला. आज माणसावर सोकावलेलं जनावर ओळख पटवून मारावं लागलं तर मी विरोध करणार नाही. पण ओळख पटवून. पहिला सापडेल तो बिबट्या मारून गावाचा राग शांत करायचा, हे नको. आणि त्याच्याही आधी शेतीला दिवसा लाइट द्या ना, बिबट्याची नसबंदी कशी करायची ह्यावर बैठका होतात, पण रात्री माणूस उसात जातोच का हा प्रश्न महावितरणला तितक्या जोरात विचारला जात नाही.

एका बाबतीत आप्पा आणि मी एकाच बाजूला आलो. ऊसतोडीत फडात पिल्लं सापडतात, हे दरवर्षीचं आहे. मग वनखातं ती पिल्लं रात्री त्याच जागेवर क्रेटमध्ये ठेवतं आणि मादी येऊन एकेक उचलून नेते. पण ती येते कधी, तर माणसं हटल्यावर. आप्पाच्या बांधाला लागून असं झालेलं, आणि त्यानेच म्हणे पोरांना हाकललं, कारण मादी पिल्लांना शोधत आठ दिवस वस्तीभोवती फिरली असती तर पंचाईत त्याचीच होती. दयाबिया काही नाही. मला हे कारण माझ्या सगळ्या तत्त्वज्ञानापेक्षा टिकाऊ वाटलं.

मग मी त्याला गव्याचं सांगितलं, गर्दी झाली नसती तर वाचला असता असं. तर म्हणाला, "आमच्याकडं पिंजऱ्यात बिबट्या आला की सकाळी पाचशे माणूस जमतंय, आणि पहिला मी." मी म्हटलं तू? "मग! रोज रात्री ज्याला भ्यायचं तो एकदा दिवसा बघून घ्यायला नको? केवढासा असतो रे. कुत्र्याहून थोडा मोठा."

फोटो काढलास का विचारलं. नाही म्हणाला, हातात काठी होती.